अन्न आणि अंश
(अपंग कृषीवलांचें एक स्मरण)

आपल्या धर्मशास्त्रांत दायविभागाचा जो विचार आहे, त्यांतील एक वचन एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास क्षणभर थांबावयास लावतें. आंधळा, पांगळा, वेडा, जड बुद्धीचा आणि असाध्य रोगानें पछाडलेला, अशांना वडिलोपार्जित मिळकतींत वांटा नाहीं. त्यांचें भरणपोषण मात्र कुटुंबानें करावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. मनूचा निर्णयही असाच आहे. आणि अशा माणसास यथाशक्ति अन्नवस्त्र न देणारा पतित होतो, असें त्यानें वर बजाविलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील जी मिताक्षरा टीका आपल्याकडे प्रमाण मानली गेली, ती विज्ञानेश्वरानें कल्याणी येथें, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळीं लिहिली. तें कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यापासून तें फारसें दूर नाहीं. तेव्हां ज्या नियमानें आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या वांटण्या झाल्या, तो नियम आपल्या अंगणाबाहेरून आलेला नव्हे.

शास्त्रकार निर्दय होते असें या वचनावरून म्हणतां येणार नाहीं. उपाशी ठेवा, असें ते कोठेंही म्हणत नाहींत. अन्न द्या, पण अंश देऊं नका, एवढेंच त्यांचें म्हणणें. परंतु या दोन शब्दांत किती अंतर आहे, हें ज्याच्या घरीं शेती आहे त्यास सांगावयास नको. शेतकऱ्याच्या घरांत जमीन ही केवळ मालमत्ता नसते. कोणत्या वावरांत ज्वारी पेरावी आणि कोणत्या वावरांत करडई, बैल विकावा कीं ठेवावा, विहिरीचें काम यंदा काढावें कीं पुढील सालीं, या गोष्टींत ज्याचें मत विचारलें जातें तो घरचा माणूस. ज्याच्यापुढें दोन वेळां ताट येतें, पण ज्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं, तो जन्मभर त्या घरांत राहूनही पाहुणाच राहतो. आणि पाहुणा फार दिवस राहिला कीं घरास त्याचा भार वाटूं लागतो, हा जगाचा नियम आहे.

कायद्यानें हें अंतर पुष्कळ कमी केलें. १९२८ सालच्या कायद्यानें, जन्मतः वेडा किंवा जडबुद्धि असलेल्याखेरीज इतर कोणासही व्यंगामुळें वांटा नाकारूं नये, असें ठरलें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें तोही अपवाद काढून टाकला. रोग, दोष किंवा व्यंग यांमुळें कोणाचाही वारसाहक्क आतां बुडत नाहीं. पण कागदावर मिळालेला अंश आणि हातीं आलेला अंश एक नव्हेत. 'तुला काय करावयाची आहे जमीन? आम्ही आहोंतच कीं जन्मभर सांभाळावयास,' असें प्रेमानें म्हणून पांगळ्या भावाची किंवा आंधळ्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, तेव्हां याज्ञवल्क्याचाच निर्णय तलाठ्याच्या दप्तरांत पुन्हा उतरतो. फरक एवढाच कीं, शास्त्रकारांनीं तो उघडपणें सांगितला होता.

हें लिहिलें जात आहे तें सोलापूरजवळच्या चिंचोळीस. मोहोळ तालुक्यांतील ही जागा आज एम. आय. डी. सी. म्हणूनच सर्वांस ठाऊक आहे. कारखाने उभे राहिले तरी भोंवतालचा मुलूख अद्यापि रब्बीच्या ज्वारीचाच आहे; आणि मोहोळच्या शेजारचा माढा तालुका तर या विषयाच्या दृष्टीनें मोठाच अर्थपूर्ण आहे. त्या एकाच तालुक्यांत अरण आणि लऊळ हीं दोन गांवें आहेत. अरणला सांवता माळ्याची समाधि आहे. मळा हेंच त्याचें पंढरपूर होतें, आणि १२९५ सालीं तो त्याच भूमींत विसावला. लऊळला कूर्मदासाची समाधि आहे. हा पैठणचा, हातापायांनीं अधू. पंढरीस जावयाचेंच असा निश्चय करून तो सरपटत निघाला, आणि लऊळपर्यंत येऊन थकला. एकादशी तोंडावर आली, आणि पुढें एक पाऊलही जाणें होईना. तेव्हां त्यानें वारकऱ्यांच्या हातीं देवास निरोप पाठविला, आणि देव ज्ञानदेव-नामदेवांसह त्याच्या भेटीस निघाला. वाटेंत अरण लागलें, तेथें तो सांवत्याच्या मळ्यांत थांबला, अशी कथा आहे.

कथेंतील करुणा कोणास हेलावणार नाहीं? पण शाळेंत चाळीस वर्षें मुलांस प्रश्न विचारण्यांत गेलेल्या माणसास एक प्रश्न सुचतो. देव शेतकऱ्याकडे गेला आणि पांगळ्याकडेही गेला. पण तो पांगळाच शेतकरी असता तर? मळ्यांत राबणारा सांवता आणि रस्त्यांत पडलेला कूर्मदास हे कथेंत दोन निरनिराळे पुरुष आहेत. एकाच्या हातीं खुरपें आहे, दुसऱ्याच्या मुखीं केवळ प्रार्थना. कूर्मदासास दर्शन मिळालें. खुरपें द्यावें असें कोणास सुचलें नाहीं. हे दोघे एकाच देहांत भेटले ते आपल्या महाराष्ट्रांतच, पण सांवत्याच्या समाधीनंतर साडेसहाशें वर्षांनीं. आणि माढ्यापासून दूर, विदर्भांतील वरोडें या गांवाबाहेर.

ती हकीकत कुष्ठरोग्यांची आहे. शास्त्रांतील 'असाध्य रोग' या शब्दाबरोबर प्रथम डोळ्यांपुढें येत असे तो हाच रोग. विद्वत्ता किंवा कुल यांचें त्यापुढें कांहीं चालत नसे. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. स्वातंत्र्याच्या चळवळींत तुरुंगवास भोगलेले. त्यांस हा रोग जडला, तेव्हां ते गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाच्या दारीं आले; गांधीजींनीं त्यांस ठेवून घेतलें आणि त्यांच्या अंगास स्वतः तेल चोळलें. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ पासून कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली होती. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ मध्यें तपोवन उभारलें. विदर्भाची भूमि अशा रीतीनें तयार झालेली होती.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म हिंगणघाट येथें २६ डिसेंबर १९१४ रोजीं, एका जमीनदार ब्राह्मण घराण्यांत झाला. ते वकील झाले, वरोड्यास वकिली करूं लागले, आणि त्या धंद्यास लवकरच विटले. वरोडें नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतांना भंग्यांचें दुःख समजावें म्हणून त्यांनीं डोक्यावरून मैला वाहिला. त्या कामावर असतांनाच एके दिवशीं पावसांत त्यांस रस्त्याच्या कडेला पडलेला एक मनुष्य दिसला. हाताचीं बोटें झडलेलीं, जखमांत किडे पडलेले, अखेरच्या अवस्थेंतील असा तो कुष्ठरोगी. त्याचें नांव तुळशीराम. आमटे भिऊन घरीं पळाले. कोणासही न भिणारा हा माणूस त्या एका देहास भ्याला, आणि ती भीतीच त्यास झोंप येऊं देईना. ते परत गेले. त्या माणसावर आडोसा उभारला, त्यास आपल्या हातानें भरविलें. तुळशीराम वांचला नाहीं, पण आमट्यांच्या आयुष्याची दिशा तेथें ठरली. १९४९ मध्यें महारोगी सेवा समितीची स्थापना झाली, आणि त्याच सुमारास ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत या रोगाचें शिक्षण घेण्यास गेले. तेथें रोगजंतूंच्या प्रयोगासाठीं त्यांनीं आपला देहही पुढें केला. ते जंतु त्यांच्या अंगीं लागले नाहींत. त्यांच्या पत्नी साधनाताई या माहेरच्या इंदू घुले, नागपूरच्या शास्त्री घराण्यांतल्या. सोंवळ्यांत वाढलेली ही मुलगी पतीच्या या संसारांत किती सहजपणें मिसळली, हें त्यांनीं 'समिधा' या आपल्या आत्मकथनांत सांगितलेलें आहे.

जून १९५१ मध्यें वरोड्याबाहेरच्या खडकाळ पडीक जमिनीवर विनोबाजींच्या हस्तें आनंदवनाचा आरंभ झाला. त्या वेळचें भांडवल प्रसिद्धच आहे : आमटे पति-पत्नी, त्यांचीं दोन लहान मुलें, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि रोख चौदा रुपये. सरकारनें जमीन दिली होती पन्नास एकर. पण ती जमीन म्हणजे दगड, झुडपें, साप आणि विंचू. पाणी नव्हतें. म्हणून पहिलें काम निघालें तें विहिरीचें. ज्यांच्या हातांस पुरतीं बोटें नव्हतीं, त्यांनीं खडक फोडावयास घेतला, आणि अखेर पाणी लागलें.

या कामाचें खरें मोल समजण्यास हा रोग काय करतो हें ठाऊक असलें पाहिजे. नॉर्वेच्या हॅन्सेन या वैद्यानें १८७३ मध्यें त्याचा जंतु दाखवून दिला. तेव्हांपासून हें दैवी शासन नसून इतर रोगांसारखाच हा एक रोग आहे, हें सिद्ध झालें. बोटें कांहीं रोग खात नाहीं. रोग मज्जातंतूंवर घाला घालतो, आणि हातापायांची संवेदना नाहींशी होते. वेदना ही शेतकऱ्याची राखणदार आहे. कांटा रुतला कीं ती पाय उचलावयास सांगते. दांडा घासूं लागला कीं पकड बदलावयास सांगते. ही राखणदार गेली म्हणजे मोडलेला कांटा पायांत दिवसच्या दिवस राहतो, भाजलेलें कळत नाहीं, चिघळलेलें दुखत नाहीं, आणि अशा न कळलेल्या जखमांनीं बोटें जातात. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं हें बारकाईनें पाहिलें. बधिर हातास आपण किती जोरानें धरलें आहे हें उमगत नाहीं, म्हणून तो कुदळीचा दांडा गरजेपेक्षां अधिक आवळतो आणि स्वतःच सोलून निघतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. म्हणून अशा शेतकऱ्यानें दांड्यास चिंध्या गुंडाळाव्या, अनवाणी फिरूं नये, आणि रोज सायंकाळीं हातपाय पाण्यांत भिजवून, निरखून, तेल लावावें. निरोगी शेतकरी जी खबर अंगानें घेतो, ती यास डोळ्यांनीं घ्यावी लागते. शेत तेंच आणि कुदळही तीच. पण येथें माणसास दोन पहारे करावे लागतात, एक पिकावर आणि एक स्वतःच्या देहावर. असें असतांही त्या सहा जणांनीं आणि त्यांच्या मागून आलेल्या शेंकडों जणांनीं तो खडक पिकविला.

पीक आलें, आणि मग खरी परीक्षा आली. आनंदवनाची भाजी वरोड्याच्या बाजारांत कोणी घेईना. पूर्वीं भीक मागावयास आलेल्या याच हातांत गांवानें पैसे टाकले होते. भीक घालणारा हात वर राहतो. भाजी विकत घेणाऱ्यास मात्र विकणाऱ्यास बरोबरीचा मानावें लागतें. गांव अन्न द्यावयास तयार होता, अंश द्यावयास नव्हता. येथें पुन्हा तेंच प्रकरण, केवळ घराऐवजीं बाजारपेठेंत! हा बहिष्कार सुटला तो १९५० नंतरच्या त्याच दशकांत. परदेशांतील कांहीं तरुण स्वयंसेवक आनंदवनांत आले, तेथें राहिले, रोग्यांबरोबर राबून त्यांनीं इमारती बांधल्या आणि तेथलेंच अन्न खाल्लें. गोऱ्या लोकांस कांहीं होत नाहीं असें पाहिल्यावर आपल्या लोकांचें भय ओसरलें. साहेबानें खाल्लें म्हणून आपण खाल्लें, ही गोष्ट आपल्यास फारशी भूषणावह नाहीं. पण ती घडली खरी.

त्यानंतर पारडें फिरलें. पडीक रानांतून आनंदवनाची शेती वाढली. १९६४ मध्यें तेथें महाविद्यालय निघालें, आणि पुढें कृषिमहाविद्यालयही निघालें. ज्या आवाराजवळून लोक नाकास पदर लावून जात, तेथें निरोगी घरांतील मुलें शेतकी शिकावयास येऊं लागलीं, आणि त्यांच्या वर्गांच्या भिंती कुष्ठरोग्यांच्या श्रमानें उभ्या राहिलेल्या होत्या. १९६७ मध्यें मूल तालुक्यांत सोमनाथ येथें भातशेतीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. अंध आणि मूकबधिर मुलांसाठीं आनंदवनांत शाळा निघाल्या. ज्यांस घरांनीं अंश नाकारला होता, ते इतरांस अंश देऊं लागले.

या सर्वांत स्वतः बाबांचा देह अखंड राहिला असें मात्र नाहीं. उत्तर आयुष्यांत मणक्याच्या विकारानें त्यांस बसणें अशक्य करून टाकलें. त्यांनीं उभें तरी राहावें किंवा आडवें तरी व्हावें. यांपेक्षां तिसरी स्थिति देहास उरली नाहीं. निरोगी असतांना अपंगांचा पक्ष घेणें एक, आणि स्वतः अपंग होऊन काम चालू ठेवणें दुसरें. १९८५ च्या अखेरीस कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा निघाली, तेव्हां तरुण सायकलींवर होते आणि एकाहत्तर वर्षांचे बाबा गाडींत आडवे पडून त्यांच्याबरोबर जात होते. त्याच वर्षीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ९ फेब्रुवारी २००८ रोजीं आनंदवनांत त्यांचें देहावसान झालें, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहास अग्नि न देतां तो आनंदवनाच्याच मातींत ठेवण्यांत आला. साधनाताई २०११ मध्यें गेल्या.

यावर कोणी म्हणेल, आनंदवनासारखी संस्था आम्ही कोठून उभी करावी? पण या स्मरणाचा हेतु संस्था काढण्याचा उपदेश करणें हा नाहीं. बहुतेक अपंग माणसें संस्थेंत राहत नाहींत. तीं घरांत राहतात, आणि त्यांचा न्याय घरानेंच करावयाचा असतो. आपल्या जिल्ह्यांत तर शेतीच माणसास अपंग करते. मळणीच्या दिवसांत यंत्रांत हात सांपडतो, अंधारांत विहिरीचा कांठ निसटतो. १९८३ मध्यें धोक्याच्या यंत्रांविषयीं कायदा झाला तो मुख्यतः मळणीयंत्रांकडे पाहूनच. आज महाराष्ट्र सरकारच्या योजनेंत अपघातानें एक हात, पाय किंवा डोळा गमावलेल्या शेतकऱ्यास एक लाख, आणि दोन अवयव गमावल्यास दोन लाख रुपये मिळतात. ही मदत आवश्यकच आहे आणि ज्याची आहे त्यानें ती अवश्य मागावी. पण तीही अन्नच आहे. अंश त्यापुढचा.

अंशाकडे कायदाही आतां वळला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें, शेतजमीन वांटण्याच्या सरकारी योजनांत शेंकडा पांच जमीन अशा व्यक्तींसाठीं राखून ठेवण्यास सांगितलें, आणि स्त्रियांस त्यांत अग्रक्रम दिला. धंदा किंवा उद्योग काढण्यासाठीं सवलतीनें जमीन द्यावयाची असेल, तर तेथेंही शेंकडा पांचचाच नियम आहे. कुष्ठरोगांतून बरे झालेले लोकही त्या कायद्याच्या कक्षेंत येतात. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण होऊं शकत असे; २०१९ मध्यें तेंही कायद्यांतून निघून गेलें. औषधांनीं हा रोग आतां पूर्ण बरा होतो, आणि वेळीं उपचार झाले तर व्यंगही येत नाहीं. विज्ञानेश्वराच्या काळचा 'असाध्य' शब्द वैद्यांनीं पुसून टाकला. आपल्या मनांतून तो पुसणें एवढेंच काम उरलें.

आपल्या प्राचीनांत याचा दाखला नाहीं असें मात्र नाहीं. ऋग्वेदांत विश्पलेची गोष्ट आहे. खेल राजाच्या पक्षाच्या या स्त्रीचा पाय झुंजींत तुटला, तेव्हां अश्विनीकुमारांनीं रातोरात तिला धातूचा पाय बसवून दिला. कशासाठीं? तिनें घरीं स्वस्थ बसावें म्हणून नव्हे. पुढें जी झुंज ठेवलेली होती तींत तिनें पुन्हा धांवावें म्हणून. स्मृतिकारांच्या पूर्वींचा हा ऋषि स्मृतिकारांच्या पुढें होता असें म्हणावें लागतें. आणि १९६८ च्या सुमारास जयपुरास रामचंद्र शर्मा नांवाच्या कारागिरानें आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं जो पाय बनविला, त्याचीही दृष्टि तीच होती. विलायती पायास बूट लागे. त्यानें मांडी घालतां येत नसे, उकिडवें बसतां येत नसे. जयपूरचा पाय अनवाणी चालतो, चिखलांत उतरतो. तो शेतकऱ्याला परत शेतांत पाठविण्यासाठीं घडविलेला पाय आहे.

तेव्हां घरांत कर्त्या असलेल्या वाचकांस विनंति एवढीच कीं, घरांत असें कोणी असेल तर त्याच्या ताटाची चौकशी करून थांबूं नका. सातबाऱ्यावर त्याचें नांव आहे काय, तें पाहा. नसल्यास चढवा, असल्यास तें काढून घेण्याचा विचार प्रेमापोटींही करूं नका. एक हात गेलेला मनुष्य बियाण्याची निवड करूं शकतो, पाण्याच्या पाळ्या सांभाळूं शकतो, बाजारांत भाव करूं शकतो. पाय गेलेला मनुष्य रोपवाटिका राखूं शकतो, हिशेब ठेवूं शकतो. दृष्टि गेलेल्यास गाईच्या कासेवरून हात फिरवितांच दुधाचा अंदाज येतो. काम कोणतें द्यावें हें त्यालाच विचारा. कारण आपल्या उरलेल्या शक्तीचा हिशेब त्याच्याइतका दुसऱ्या कोणासही ठाऊक नसतो. आणि पेरणीच्या आदल्या रात्रीं सर्व भाऊ बसून बेत ठरवीत असतील, तेव्हां त्याची जागा त्या बैठकींत असूं द्या. त्याचें मत एखादे वेळीं चुकेल. इतरांचें काय चुकत नाहीं?

आनंदवनाच्या त्या पहिल्या सहा शेतकऱ्यांस त्यांच्या घरांनीं अन्नसुद्धां दिलें नव्हतें. ते जगले, कारण एका माणसानें त्यांच्या झडलेल्या हातांत भाकरीआधीं कुदळ ठेवली. ती कुदळ आपल्या प्रत्येकाच्या घरीं कोपऱ्यांत उभी आहे. ती कोणाच्या हातीं द्यावयाची राहिली आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांत पाहावें.